वळणात नाक बाहेर नेणारी गाडी: पकड नेमकी कुठून आणायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, टर्बो पेट्रोल, चार दारांची स्पोर्टी टूरर. माणसं बसल्यावर वजन दीड टनाच्या आसपास. सरळ रस्त्यावर झकास पळते. पण वळणात जरा जोर लावला की एका अंगावर झुकते, नाक बाहेर जायला लागतं, आणि वळण सुटताना ॲक्सिलरेटर दाबला की आतलं पुढचं चाक जागच्या जागी फिरतं. खरेदीच्या यादीत गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, जाड अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुकणं रोखणारी दांडी), १८ इंची चाकं आणि बॉनेटखालचा स्ट्रट ब्रेस (दोन्ही बाजूंच्या सस्पेन्शनची वरची टोकं जोडणारी आडवी पट्टी) आहे. यातलं आधी काय घ्यावं, आणि शेवटी ईएसपी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) बंद करून चालवली तर फरक पडेल का? अट एकच, लांबच्या प्रवासात हाडं खिळखिळी व्हायला नकोत.

थेट उत्तर हवं असेल तर यादीतलं एकही आधी घेऊ नका. आधी टायर, टायरमधली हवा, झिजलेले बुश (सांध्यांमधले रबरी तुकडे) आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन). त्यानंतरही नाक बाहेर जात असेल तर मागचा अँटी-रोल बार. शॉक ॲब्सॉर्बर त्याच्याही नंतर, आणि स्प्रिंगा सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक हा क्रम नेमका उलटा लावतात, कारण खाली बसलेली गाडी दिसते आणि बदललेला बुश दिसत नाही.

आता झुकण्याबद्दल, कारण निम्मी यादी त्याच्याच भीतीपोटी तयार झाली आहे. गाडी वळते तेव्हा आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. किती जातो ते ठरतं वजनावर, गुरुत्वमध्याच्या उंचीवर, डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतरावर आणि वळणात बाजूला किती ओढ बसते त्यावर. गाडी १५०० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंमी, दोन चाकांमधलं अंतर १५५ सेंमी आणि ओढ ०.८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट) धरा. १५०० × ०.८ × ५५ ÷ १५५, म्हणजे जवळपास ४२५ किलो भार हलला. उभ्या गाडीत दोन्ही अंगांवर साडेसातशे-साडेसातशे किलो होते. आता आतल्या अंगावर सव्वातीनशे आणि बाहेरच्या अंगावर पावणेबाराशे. या गणितात स्प्रिंग किती कडक आहे हे कुठेच येत नाही, अँटी-रोल बार किती जाड आहे हेही नाही. झुकल्यामुळे गुरुत्वमध्य किंचित बाहेर सरकतो, पण तो वाटा किरकोळ असतो. गाडी २५ मिमी खाली आणली तर ४२५ चे ४०६ होतात. एवढा खर्च करून, एवढी ढोपरं फोडून घेऊन वीसेक किलो वाचले.

मग स्प्रिंगा आणि बार करतात तरी काय? हललेल्या भारातला किती वाटा पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या जोडीने, हे ते ठरवतात. झुकायला जी बाजू जास्त विरोध करते तिच्या बाहेरच्या चाकावर जास्त भार येतो. इथे टायरचा एक स्वभाव आडवा येतो: भार दुप्पट केला की पकड दुप्पट होत नाही, दुपटीपेक्षा थोडी कमीच वाढते. म्हणून एकाच ॲक्सलवरच्या दोन टायरांपैकी एक दबला आणि दुसरा हलका झाला की त्या जोडीची एकूण पकड घटते. पुढची बाजू कडक केलीत तर पुढची जोडी आधी सुटणार आणि नाक आणखी बाहेर जाणार. तुमची गाडी मुळातच नाक बाहेर नेते आहे. तिला पुढे जाड बार टाकणं म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला. गाडी सपाट राहील, अंगाला बरं वाटेल, पण वळणातला वेग बहुधा घटेल.

झुकण्याचा तोटा नाहीच असं मात्र नाही. तुमच्यासारख्या गाड्यांमध्ये पुढे बहुधा मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात असलेली रचना) असतो. गाडी झुकली की बाहेरच्या चाकाला जो कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) मिळायला हवा तो या रचनेत पुरेसा मिळत नाही. चाक गाडीबरोबर बाहेरच्या अंगाला कलतं, टायर बाहेरच्या खांद्यावर उभा राहतो आणि आतली अर्धी पट्टी नुसती रस्त्याला चाटून जाते. म्हणजे आपली तक्रार झुकण्यापेक्षा झुकल्यावर टायर रस्त्यावर कसा बसतो याबद्दल असायला हवी. ती दूर करायचे स्वस्त उपाय आहेत, आणि त्यातला पहिला हवेचा आहे.

स्वतःचा चांगला प्रेशर गेज घ्या. पंपावरच्या गेजवर माझा भरवसा नाही. दोन पंपांवर दोन आकडे मिळतात आणि दोन्ही छातीठोकपणे सांगितले जातात. हवा थंड टायरवर मोजायची, गाडी निदान दोन-तीन तास उभी असताना. तापमान १० अंश सेल्सियसने वाढलं की साधारण दीड पीएसआय दाब वाढतो, त्यामुळे दुपारी चालवून आल्यावर भरलेली ‘बरोबर’ हवा पहाटे कमी निघते. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा आकडा सुरुवातीला घ्या. मग टायरच्या खांद्यावर, जिथे नक्षी संपते आणि भिंत सुरू होते तिथे, खडूने आडवी जाड रेघ मारा. पुढच्या दोन्ही चाकांना तीन-तीन ठिकाणी. तुमच्या नेहमीच्या जोराने काही वळणं घेऊन थांबा आणि खडू कुठवर पुसला ते बघा. बऱ्याच टायरांच्या खांद्यावर एक बारीक त्रिकोण कोरलेला असतो. झीज दाखवणारी पट्टी नक्षीत कुठे आहे हे दाखवण्यासाठी तो असतो, पण आपल्या कामाला तो छान खूण होतो. खडू त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला गेला तर ठीक. त्याच्या खाली भिंतीवर उतरला असेल तर टायर लोळतो आहे. दोन पीएसआय वाढवा आणि पुन्हा बघा. त्रिकोणाच्या बराच वर थांबला असेल तर हवा जास्त आहे. स्टिकरपेक्षा खाली जाऊ नका, आणि टायरच्या भिंतीवर छापलेल्या कमाल दाबाच्या जवळही जाऊ नका. नाक बाहेर जाणाऱ्या गाडीत पुढे दोन-तीन पीएसआय वाढवल्याने स्टीअरिंगला धार येते, हे फुकटात मिळणारं सुख आहे.

टायरवर खर्च करायला हात आखडू नका. गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये तळहाताएवढे चार ठिपके आहेत आणि बाकी सगळं सामान त्यांच्या दिमतीला. भिंतीवर डॉट या अक्षरांनंतरच्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात: २३२१ असेल तर २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचा टायर कडक झालेला असतो. नख दाबून बघा, नव्या टायरचं रबर किंचित दबतं. असा टायर ठेवून सस्पेन्शनवर पैसा ओतण्यात अर्थ नाही. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे हवेत. दोनच बदलणं भाग असेल तर नवे मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. ओल्या रस्त्यावर मागची बाजू आधी सुटली तर सावरायला बहुतेकांना वेळच मिळत नाही.

१८ इंची चाकांचा मोह मला कळतो. गाडीला २२५/४५ आर१७ असतील तर २२५/४० आर१८ चा बाहेरचा व्यास जेमतेम अर्धा टक्का जास्त, म्हणजे स्पीडोमीटर आणि एबीएस दोघांनाही चालतो. टायरची भिंत मात्र सुमारे १०१ मिमीवरून ९० मिमीवर येते. प्रतिसाद चपळ होतो आणि खड्ड्यात रिम वाकायची शक्यता वाढते. त्यापेक्षा १७ इंचांवरच राहून रिमची रुंदी बघा. २२५/४५ आर१७ साठी ७ ते ८.५ इंच रुंदीचा रिम चालतो. हाच टायर ७ इंची रिमवर फुगीर बसतो आणि ८ इंचीवर ताठ. ८ इंची हलक्या रिमवरचा चांगला २२५, अरुंद रिमवर कोंबलेल्या २३५ पेक्षा वळणात मला जास्त आवडतो. ऑफसेट (चाक हबवर किती आत किंवा बाहेर बसतं ते माप) मूळ आकड्याच्या जवळ ठेवा. चाक फार बाहेर काढलं की ब्रेक मारताना आणि ॲक्सिलरेटर दाबताना स्टीअरिंग हातातून खेचायला लागतं.

आता जॅक लावा. गाडी ६०-७० हजार किमी चालली असेल तर पुढच्या लोअर आर्मचा (चाकाला खालून गाडीशी जोडणारा हात) मागचा मोठा बुश बघितल्याशिवाय एक पैसाही दुसरीकडे खर्च करू नका. ब्रेक मारला की आर्म मागे जायला बघतो आणि हा बुश त्याला धरून ठेवतो. तो फाटला की वळणाच्या तोंडाशी ब्रेक सोडताना चाक स्वतःच्या मर्जीने टो (वरून बघितल्यावर चाकाचं तोंड किती आत किंवा बाहेर वळलंय ते) बदलतं, आणि आपल्याला वाटतं गाडीचं सेटिंग चुकलं. बघायची रीत सोपी आहे: गाडी स्टँडवर घ्या, पाना किंवा छोटी पहार आर्म आणि सबफ्रेमच्या मध्ये घालून दाब द्या, आणि टॉर्चच्या उजेडात रबर बघा. रबर ताणून परत येत असेल तर चांगलं. भेग उघडून आतला काळा-चकचकीत भाग दिसला, किंवा मधली धातूची नळी एका अंगाला बसलेली दिसली, तर बुश गेला. काही गाड्यांत हा बुश तेल भरलेला असतो. खाली ओघळ दिसला की निदान पक्कं. त्याच वेळी बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, बारच्या लिंक आणि स्ट्रटच्या वरचं माउंट तपासा. माउंट गेलं असेल तर उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना स्प्रिंगच्या डोक्याशी हात ठेवला की कटकट हाताला लागते. असे सुटे सांधे ठेवून महागडे शॉक लावणं म्हणजे अंगठा तुटलेल्या चपलेने शर्यत पळणं.

पॉलियुरेथेनचे बुश लावू का, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. अँटी-रोल बारच्या पकडीला लावा, ग्रीस भरून, खुशाल. लोअर आर्मच्या मागच्या बुशला मी शक्यतो लावत नाही. तो बुश एकाच दिशेने फिरत नाही, पिळला जातो, आणि कडक पॉली तिथे अडून बसतं. सस्पेन्शन बारीक खडबडीत रस्त्यावर चिकटल्यासारखं वागतं. त्याऐवजी त्याच मॉडेलच्या जास्त ताकदीच्या आवृत्तीचा रबरी बुश बसत असेल तर तो शोधा. कंपनीने तो मेहनत घेऊन निवडलेला असतो.

सांधे घट्ट झाले की अलाइनमेंट, त्याआधी नाही. मशीनवर गाडी घेताना टाकी अर्धी, डिकी नेहमीएवढी भरलेली आणि चालकाच्या जागेवर चालकाएवढं वजन ठेवा. ‘सगळं हिरवं आहे साहेब’ यावर समाधान मानू नका; हिरवा पट्टा रुंद असतो आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळं हिरवं असू शकतं. आकड्यांची छापील प्रत मागा. रस्त्यावरच्या जलद पण रोजच्या गाडीला पुढे उणे दीड ते उणे दोन अंश कॅम्बर (उणे म्हणजे चाकाचा माथा आत कललेला) मला योग्य वाटतो, डाव्या-उजव्यात पाव अंशापेक्षा जास्त फरक नसावा. कंपनीच्या सेटिंगमध्ये तो बहुधा उणे अर्धा ते एक अंश असतो. नकल (चाकाचा हब धरणारा भाग) आणि स्ट्रट जोडणाऱ्या बोल्टच्या जागी एक्सेंट्रिक बोल्ट घातला तर बऱ्याच गाड्यांत अंशभर मिळतो. त्याहून जास्त हवा असेल तर वरच्या कॅम्बर प्लेटा आहेत, पण त्यातल्या धातूच्या बेअरिंगचा आवाज लांबच्या प्रवासात डोकं उठवतो. मागे उणे एक ते दीड पुरे. मागचा कॅम्बर पुढच्यापेक्षा जास्त ठेवलात तर नाक बाहेर जाण्याला खतपाणीच.

टो पुढे शून्य. शून्याच्या किंचित बाहेर ठेवलं तर गाडी वळणात चटकन शिरते, पण महामार्गावर प्रत्येक चरीचा माग घेत भटकते. टूरर गाडीला ते शोभत नाही. मागे थोडासा टो-इन राहू द्या, तो वेगात लेन बदलताना गाडीला धरून ठेवतो. आतून टायर खाल्ला की सगळे कॅम्बरला दोष देतात. उणे दोन अंशांपर्यंतच्या कॅम्बरने टायर फारसा खाल्ला जात नाही. चुकलेला टो मात्र काही हजार किलोमीटरमध्ये टायर बाद करतो. कॅम्बर बदलला की टो बदलतोच, म्हणून शेवटचं माप नेहमी टोचं घ्यायचं. काम झाल्यावर स्कॅनर लावून स्टीअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणून घ्या, नाहीतर सरळ रस्त्यावरही ईएसपीला गाडी वळते आहे असं वाटू शकतं. पुढच्या काचेवर कॅमेरा असेल तर अलाइनमेंट किंवा उंची बदलल्यावर त्याचंही कॅलिब्रेशन लागू शकतं, मॅन्युअल बघा.

एवढं करून गाडी चालवा. निम्म्या लोकांचं काम इथेच भागतं.

भागलं नाही तर मागचा बार. मागची बाजू झुकायला जास्त विरोध करू लागली की हललेल्या भारातला मोठा वाटा मागे जातो, पुढच्या जोडीवरचा ताण उतरतो आणि नाक वळणात राहतं. भरीव बारचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे मिलिमीटरवरून फसू नका: २० मिमीच्या जागी २२ मिमीचा बार म्हणजे ४६ टक्के जास्त कडक. २४ मिमी घेतलात तर दुपटीच्या वर. पोकळ बार असेल तर आतल्या भोकाचा चौथा घात वजा करायचा, म्हणून नुसती बाहेरची जाडी विचारून उपयोग नाही. टोकाला दोन-तीन भोकं असलेला बार घ्या आणि सुरुवात सगळ्यात मऊ भोकापासून करा, म्हणजे लिव्हर लांब असतो ते, बारच्या टोकाकडचं भोक. मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा, पिळला जाणारा आडवा बीम) असेल तर वेगळा बार नसतोच. बीमलाच जादा बार बोल्टने जोडायचे संच मिळतात, परिणाम त्याच दिशेने होतो.

एका मर्यादेनंतर मात्र हा उपाय संपतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या जोरात वळताना मागचं आतलं चाक हवेत उचलतात. फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयचे तसे फोटो कित्येकांनी पाहिले असतील. ते चाक सुटलं की मागे हलवायला भारच उरत नाही आणि मागचा बार आणखी कितीही जाड करा, काही मिळत नाही. शिवाय मागचा बार वाढवला की वळणाच्या मधोमध घाबरून ॲक्सिलरेटर सोडल्यावर शेपूट फिरायची शक्यता वाढते, ओल्यात तर नक्कीच. कंपन्या गाड्या मुद्दाम नाक बाहेर नेणाऱ्या करतात त्यामागे हेच आहे: नाक बाहेर गेलं तर माणूस स्वाभाविकपणे ॲक्सिलरेटर सोडतो आणि तेच बरोबर ठरतं. पहिल्या पिढीच्या ऑडी टीटीचं उदाहरण बोलकं आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी ती आली आणि महामार्गावर मोठ्या वेगात मागची बाजू सुटून अपघात झाले. मग ऑडीने गाड्या परत बोलावून मागे स्पॉयलर लावला, ईएसपी दिलं आणि सस्पेन्शनमध्ये बदल केले. एवढे अभियंते पदरी असून जी सीमारेषा चुकू शकते, ती आपण अंदाजाने ओलांडू नये. बार एक टप्पा बदला, मग कोरड्यात आणि ओल्यात दोन्हीकडे गाडी ओळखून घ्या, मगच पुढचं भोक.

शॉक ॲब्सॉर्बर भार किती हलणार ते बदलत नाही, किती वेळात हलणार ते ठरवतो. एका बाजूकडून लगेच दुसऱ्या बाजूला वळणारा रस्ता असला की त्याची किंमत कळते: जुना शॉक गाडीला पहिल्या वळणातून सावरूच देत नाही आणि दुसऱ्या वळणात ती अर्धवट लोंबकळत शिरते. बॉनेट दाबून गाडी किती वेळा हलते ते बघण्याची जुनी पद्धत आता फारशी कामाची नाही. पार थकलेला शॉकच त्यात सापडतो. ८० हजार किमीच्या पुढे गेलेले मूळ शॉक काढून मूळ स्प्रिंगांवरच चांगले, किंचित कडक शॉक लावणं, हा टूरर गाडीसाठी मला सगळ्यात समाधानकारक बदल वाटतो. आराम जवळपास तसाच राहतो, कधीकधी वाढतोही, आणि गाडी एकदम नीटनेटकी होते. रिबाउंड (दबलेला शॉक परत लांब होतानाचा विरोध) फार आवळलेले शॉक टाळा. ओळीने आलेल्या खड्ड्यांवर चाक खाली परतायच्या आत पुढचा खड्डा येतो आणि गाडी हळूहळू खालीच बसत जाते.

स्प्रिंगा घ्यायच्याच असतील तर आधी एक साधं काम करा. शॉकच्या चकचकीत दांड्याला प्लास्टिकची बारीक झिप टाय सैलसर बांधा, खाली सरकवून ठेवा आणि तुमच्या रस्त्यावर फिरून या. झिप टाय जिथवर ढकलली गेली तेवढी दांडी वापरली गेली. बंप स्टॉपला (शॉकची हालचाल संपते तिथला रबरी अडथळा) ती आत्ताच टेकत असेल, तर ३० मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा मूळ शॉकवर लावल्यावर काय होईल याचा विचार करा. वळणात गाडी झुकेल, बाहेरचा पुढचा कोपरा बंप स्टॉपवर जाऊन बसेल, तिथला कडकपणा एकदम काही पटींनी वाढेल आणि नाक खाडकन बाहेर जाईल. ‘स्प्रिंगा टाकल्यापासून अंडरस्टीअर वाढला’ (म्हणजे नाक जास्त बाहेर जातं) अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांमध्ये हे कारण सर्रास सापडतं.

दुसरी अडचण मॅकफर्सनची. मूळ उंचीवर लोअर आर्म चाकाकडे थोडा उतरता किंवा आडवा असतो. गाडी फार खाली आणली की तो चाकाकडे चढता होतो. कॅम्बर आणखी हरवतो आणि रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढलं की गाडीला झुकवणारा लिव्हर लांबतो, म्हणजे कडक स्प्रिंगेने जे कमावलं त्यातलं बरंच तिथे घालवलं. लांब दांड्याचे बॉल जॉइंट लावून आर्म पुन्हा आडवा करता येतो, पण रस्त्यावरच्या गाडीला १५ ते २० मिमीवर थांबणंच शहाणपणाचं.

कडकपणाबद्दल एक दिलाशाची गोष्ट सांगतो. स्प्रिंग ३० टक्के कडक केली तरी गाडीच्या डोलण्याची वारंवारता १४ टक्केच वाढते, कारण ती वर्गमुळाने बदलते. आरामदायी गाड्या सेकंदाला एक ते सव्वा वेळा डोलतात, स्पोर्टी गाड्या दीडच्या आसपास. दोनच्या पुढे गेलं की ती रस्त्यावरची गाडी राहत नाही. मागची वारंवारता पुढच्यापेक्षा थोडी जास्त हवी, म्हणजे उंचवटा ओलांडल्यावर मागची बाजू पुढचीला गाठते आणि गाडी नाक-शेपूट असं हेलकावत नाही. मॉरिस ओली यांनी १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये हे प्रयोगांनी दाखवलं. अंडरस्टीअर आणि ओव्हरस्टीअर (शेपूट बाहेर जाणं) यांची शास्त्रशुद्ध मांडणीही त्याच काळातली. म्हणून पुढे-मागे वेगवेगळ्या ठिकाणच्या स्प्रिंगा एकत्र करू नका, जुळवलेला संच घ्या.

आणि बसवताना मेकॅनिकच्या शेजारी उभे राहा. रबरी बुशांचे बोल्ट गाडी लटकलेली असताना आवळायचे नाहीत. सगळं सैल जोडायचं, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चार वेळा दाबून बसवायची आणि मग त्या उंचीला शेवटचा टॉर्क द्यायचा. लटकत्या अवस्थेत आवळलेला बुश गाडी खाली आली की कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. मग आपण पुन्हा लोअर आर्मच्या बुशपाशी.

वळण सुटताना आतलं चाक फिरतं त्याला वरच्या सगळ्याचा थोडाथोडा फायदा होतो, पण खरं औषध लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल (एक चाक फुकट फिरू लागलं की दुसऱ्याकडे ताकद पाठवणारा). पुढच्या चाकांवरच्या गाडीला गिअरवर चालणारा, टॉर्सेनसारखा प्रकार रोजच्या वापराला सोयीचा. क्लच प्लेटांचा जास्त जोरदार पण स्टीअरिंगला ओढ देणारा. गिअरबॉक्स उघडावा लागतो, तेव्हा क्लच बदलायची वेळ येईल तेव्हाच करा. काही गाड्यांत आतल्या चाकाला ब्रेक लावून हेच काम इलेक्ट्रॉनिक्स करतं. सलग जोरात चालवलं की पॅड तापतात एवढं लक्षात ठेवा. त्याच वेळी ब्रेक ऑइलची तारीख बघा. नवं डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, आणि हवेतलं पाणी शोषल्यावर त्याचीच किमान मर्यादा १५५ वर येते. दर दोन वर्षांनी बदललं की उतारावर पेडल खाली जायची भीती नाही.

हे मोजायचं कसं? मोठं, रिकामं, परवानगी असलेलं मैदान मिळालं तर ३० मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा आणि पकडीच्या टोकावर एका वेगाने फिरा. एका फेरीला १२.३ सेकंद लागले तर ०.८ जी, ११.६ लागले तर ०.९ जी. दोन्ही दिशांना फिरून सरासरी घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला. सेकंदाच्या दशांशाइतकाही फरक पडला नाही तर वस्तू काढून परत करायला हरकत नाही, मग ती कितीही नामांकित असो. वेग १० टक्के वाढवायला २१ टक्के जास्त पकड लागते. म्हणून नाक बाहेर जात असेल तर एकदा वळणात पाच किमीने हळू शिरून, ब्रेक एकदम न सोडता हलके हलके सोडत जाऊन बघा. पुढच्या टायरवर भार टिकून राहतो आणि तीच गाडी वेगळी वाटते. हा प्रयोग खर्चाच्या आधी करायचा आहे.

स्ट्रट ब्रेसचं विचारलंत. जुन्या, हलक्या पत्र्याच्या गाड्यांना फरक पडायचा. अलीकडच्या बॉडी एवढ्या ताठ असतात की फरक वर्तुळात दिसत नाही. हौस असेल तर लावा, नुकसान नाही.

ईएसपी रस्त्यावर बंद करू नका. ते वळणात लवकर मधे पडतंय असं वाटत असेल तर आधी अँगल सेन्सर, टायरची सारखी झीज आणि मागच्या बारचं भोक तपासा. बंद करून चालवायचंच असेल तर त्याच रिकाम्या मैदानात, आधी कोरड्यात, आणि बटण दाबल्यावर ते पूर्ण बंद होतं की अर्धवट, हे मॅन्युअलमध्ये वाचून.